तिचं म्हणणं कोण लिहून घेतं

वेहेरगावातून पायऱ्या चढताना तुमच्या पुढेमागे एकवीरेला निघालेली माणसं आहेत. मुंबईच्या कोळीवाड्यांतून आलेल्या बायका, केसांत गजरे, कडेवर झोपलेली पोरं, खाली कुठेतरी ढोल. वर पोहोचल्यावर सगळे देवीच्या रांगेत शिरतात. तुम्ही शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात वळता. आत गारवा आहे. दगडात ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुणी काय दान दिलं त्याच्या या नोंदी. त्यांतल्या एका नोंदीत भायिला नावाची बाई आहे. महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई, एवढीच तिची ओळख. पण दान तिचं, आणि नावही तिचं.

देणाऱ्या बाईचं नाव या डोंगराने सांभाळलं. जिच्याकडून ओरबाडून घेतलं गेलं, तिचं म्हणणं या मुलखात कधी कुणी लिहून ठेवलं का? ते शोधायला तुम्ही निघाला आहात. पायऱ्या उतरा.

खाली येता तेव्हा महामार्ग नाही, रेल्वे नाही, चिक्कीची दुकानं नाहीत. लोहगड आणि विसापूर मात्र जागच्या जागी. भात झोडून झालाय, खाचरांत नुसती धसकटं उरली आहेत, जानेवारीचा वारा अंगाला झोंबतो. साल १६४६. पवनेचं खोरं, मुळशीचं खोरं मागे टाकत तुम्ही मावळी पायवाटांनी दक्षिणेला खेडेबाऱ्याकडे चालत राहता. वाटेतल्या गावागावांत पाटलाचा शब्द शेवटचा. सारा तो गोळा करतो, भांडण तो तोडतो. त्याच्याविषयीच तक्रार असली तर ऐकणाराही तोच.

मौजे रांझे. इथल्या पाटलाविषयी हुकूम निघतोय आणि तुम्ही कारकुनाच्या पाठीशी उभे आहात. मांडीवर कागद, हातात बोरू, मोडीची सलग ओळ. हुकूम शिवाजीराजांचा, त्यांना सोळावं वर्ष चालू आहे. तारीख २८ जानेवारी. मजकूर थोडक्यात असा: रांझ्याचा मुकादम बावाजी भिकाजी गुजर याने मुकादमी करताना बदअमल केला. त्याला धरून आणलं, चौकशी केली, ते खरं ठरलं. मग त्याचे हातपाय तोडून मुकादमी काढून घेतली. पुढे ती मुकादमी गुजरांच्याच गोतातल्या सोनजी बनाजीला देण्याची व्यवस्था येते. कागदावर राजमुद्रा उमटते. ती उमटलेल्या उपलब्ध पत्रांतलं सर्वांत जुनं म्हणून अभ्यासक याच पत्राकडे बोट दाखवतात.

तुमच्या अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. वतनदाराला हात लावायची छाती त्या काळी भल्याभल्यांची नव्हती. लोकपरंपरा सांगते की पाटलाने एका बाईची अब्रू घेतली होती, आणि साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ मावळातल्या आयांनी ही गोष्ट मुलींना सांगितली ती उगाच नाही. गावात कितीही मोठा असो, त्याला जाब विचारणारा कुणीतरी आहे, हा धीर त्या गोष्टीत आहे. तरीही कारकुनाच्या खांद्यावरून तो कागद पुन्हा वाचा. पाटलाचं नाव आहे, त्याच्या बापाचं नाव आहे, वतन कुणाकडे गेलं ते आहे. तिचं नाव नाही. ती काय म्हणाली, कुणापुढे म्हणाली, शिक्षा झाल्यावर ती कुठे गेली, गावाने तिला पाण्यावर येऊ दिलं का, यातलं काहीही नाही. तिच्या वाट्याला एक शब्द आला, आणि त्या शब्दातही ती नाही, त्याचं कृत्य आहे.

शंभर-सव्वाशे वर्षं पुढे सरका. आता पुण्यात पेशवे आहेत. तुम्ही गोतसभेच्या कडेला उभे आहात. पारावर पाटील, कुलकर्णी, चौगुला, पलीकडे बलुतेदार. निवाड्याचा महजर लिहिला जाईल आणि पाटील आपली निशाणी म्हणून खाली नांगर काढील. एक बाई दूर उभी आहे, पदर कपाळापर्यंत. प्रश्न विचारले जातात. त्याने काय केलं, हा प्रश्न त्यांत नाही. ही कशी घसरली, कुणाबरोबर, किती दिवस, एवढंच विचारलं जातं. ज्या बाईवर बदकर्माचा ठपका बसे ती सरकारजमा होई. तिला किल्ल्यावर कामाला पाठवत, नाहीतर कुणबीण म्हणून विकत. दफ्तरातल्या त्या याद्या चाळल्या तर बायकांची नावं सापडतात. नावापुढे किंमतही सापडते. तिच्यावर जबरदस्ती झाली होती की ती आपल्या मनाने गेली होती, हा फरक यादीने केलेला नाही.

इथे फार थांबवत नाही. चला.

खंडाळा, १८६३. बोरघाटाचा रेल्वेमार्ग याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालाय. खालून धापा टाकत आलेली गाडी तुम्ही बघता, आणि पुण्याच्या डब्यात बसता. हा डोंगर फोडताना हजारो मजुरांनी जीव गमावला. त्यांत बायकाही होत्या, आणि त्यांच्या राहुट्यांतल्या रात्रींविषयी लिहिलेलं काही तुमच्या हाती लागत नाही. गाडी मावळ ओलांडते. पुण्यात उतरून तुम्ही गंज पेठेत जाता.

शहरात कुजबुज आहे ती काशीबाईची. फुल्यांच्या स्नेह्याकडे स्वयंपाक करणारी तरुण ब्राह्मण विधवा. एका शास्त्र्याने तिला फसवलं, दिवस गेले, त्याने हात झटकले. मूल जन्माला आल्यावर तिने घाबरून त्याला मारलं आणि विहिरीत टाकलं. तिच्यावर खटला झाला, शिक्षा काळ्या पाण्याची. शास्त्र्याला कुणी काही विचारलं नाही. अख्खं शहर तिच्या पापावर बोलत असताना जोतीराव आणि सावित्रीबाई आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढतात. तुम्ही भिंतीवर डकवलेलं पत्रक वाचता. विधवांना सांगितलेलं आहे की इथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा. मूल सोबत न्यायचं की इथेच ठेवायचं ते तुम्ही ठरवा.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. तुम्ही आतापर्यंत पाहिलेल्या सगळ्या कागदांत हे पहिलंच वाक्य आहे जे तिला उद्देशून लिहिलंय. तिच्याविषयी नव्हे, तिला. पुढे १८८४ साली जोतीरावांनी लिहिलं की तोवर पस्तीस बायका या घरात येऊन गेल्या. त्यांच्यापैकी एकीच्या मुलाला या जोडप्याने दत्तक घेतलं. यशवंत त्याचं नाव, पुढे तो डॉक्टर झाला.

१८९१ मध्ये थोडा वेळ उभे राहा. संमतिवयाचा कायदा आला, मुलीचं वय १० वरून १२ झालं, आणि पुण्यात पुरुषांनी पुरुषांच्या सभा उधळल्या. ज्यांच्या शरीराविषयी हे सगळं चाललं होतं त्या सभेत नव्हत्या. पुढे चला.

सप्टेंबर १९७९. पुण्यात पाऊस अजून गेलेला नाही. तुमच्या हातात चार प्राध्यापक-वकिलांनी देशाच्या सरन्यायाधीशांना लिहिलेलं खुलं पत्र आहे. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. विषय सात वर्षं जुना. २६ मार्च १९७२ च्या रात्री विदर्भातल्या देसाईगंज पोलीस चौकीत मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची हरकत नव्हती, असा एकंदर सूर. पत्र विचारतं: रात्रीच्या वेळी चौकीत, दिवे मालवलेले, दार बंद, नातलग बाहेर, अशा वेळी गप्प राहणं म्हणजे होकार कसा? मुकाट सोसणं आणि संमती देणं यांत फरक नाही का?

नवीन पुरावा त्या पत्रात नव्हता. खटल्याच्या कागदांत ती मुलगी आधीपासून जे सांगत होती तेच त्यांनी तिच्या जागेवर उभं राहून वाचलं होतं. पुढच्या मार्चमध्ये मुंबईत, पुण्यात, नागपुरात बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाईने संमती नव्हती म्हटलं तर न्यायालयाने ते धरून चालायचं. सुनावणी बंद दाराआड. आणि पीडितेचं नाव छापणं हा गुन्हा. तेव्हापासून तिचं नाव कागदाबाहेर राहू लागलं. रांझ्याच्या पत्रात ते नव्हतं कारण कुणाला गरज वाटली नाही. आता ते लपवलं जातं कारण गाव, नातेवाईक आणि पेपर तिला जगू देणार नाहीत याची कायद्याला खात्री आहे. मला या दुसऱ्या मौनाचं समाधान आहे, पण अभिमान नाही. ज्या दिवशी ते लागणार नाही तो दिवस मला बघायचाय.

पुण्यातच तीन वर्षं पुढे या. जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा सासरी मृत्यू झाला. खालच्या दोन्ही न्यायालयांनी पतीला दोषी धरलं; सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुरावा अपुरा म्हणून त्यांची सुटका केली. त्या निकालावर कायद्याचे विद्यार्थी आजही परिस्थितीजन्य पुरावा शिकतात. पण तुम्ही आता न्यायालयात नाही, एका प्रदर्शनात आहात. ‘मी एक मंजुश्री’. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींच्या नारी समता मंचाने ते भरवलंय. फलकांसमोर बायका उभ्या आहेत. कुणी नोकरीवाली, कुणी भाजीची पिशवी घेऊन आलेली, कुणी सुनेला सोबत घेऊन. त्या वाचतात आणि पुढे सरकत नाहीत. मग एखादी बाजूला येते आणि कार्यकर्तीला दबक्या आवाजात म्हणते, “ताई, हे माझंच आहे.”

या एका वाक्याला दुसऱ्या बाजूने ऐकणारं कुणी हवं असतं. मंचाचं ‘बोलते व्हा’ हे केंद्र त्याच गरजेतून उभं राहिलं. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस मुख्यालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तक्रार घ्यायला बसलेली बाई पोलीस नव्हती, समाजकार्य शिकलेली होती. १९८७ पासून पुरंदर तालुक्यात ‘मासूम’ने गावातल्याच बायकांना शिकवून सल्ला केंद्रं चालवली. शहरातून कुणी येऊन न्याय देईल ही वाट न बघता शेजारीण शेजारणीचं ऐकू लागली. मावळापासून पुरंदर फार लांब नाही.

आता लोणावळा, २०१४, जुलैचा रविवार. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर माणसांचा पूर, रस्त्यावर गाड्यांची रांग, मक्याच्या कणसांचा धूर. तुम्ही गर्दीतून वर जाता, जिथे बंगले आहेत. मालक शहरात, बंगला शनिवार-रविवारी भाड्याने. मागच्या दाराशी एक बाई बादली घेऊन उभी आहे. नाणे मावळातल्या एका वाडीवरून ती इथे झाडूपोछाला येते. आत गेलेल्या पाहुण्यांनी रात्रभर काय केलंय ते तिला सकाळी आवरायचंय. मागच्या रविवारी एकाने तिला खोलीत अडवलं होतं. ती हिसडा देऊन बाहेर आली आणि केअरटेकरला बोलली. तो म्हणाला, “सीझन आहे, कशाला वाढवतेस?” तिने वाढवलं नाही. रोज बुडाला असता.

तुम्हाला काय माहीत आहे जे तिला कुणी सांगितलेलं नाही? की राजस्थानातल्या भटेरी गावात बालविवाह थांबवायला गेलेल्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये अत्याचार झाला. त्यांनी तोंड लपवलं नाही, आणि खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडल्यावरही त्या मागे हटल्या नाहीत. त्यांच्यामुळे १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि डिसेंबर २०१३ पासून कामाच्या जागेवरच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा लागू झाला. तो कायदा फक्त काचेच्या इमारतीतल्या मुलींसाठी नाही. घरकाम करणारी, बंगला झाडणारी, हॉटेलात भांडी घासणारी, चिक्कीच्या कारखान्यात पाकिटं भरणारी, सगळ्या त्यात येतात. दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तालुक्यात एक अधिकारी नेमलेला असायला हवा. त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची. तक्रारीला मुदत तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन.

हे सगळं छापील आहे. ते त्या बादलीपर्यंत पोहोचलेलं नाही. मला विचाराल तर लोणावळ्याच्या प्रत्येक बंगल्याच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या मागच्या भिंतीवर, हे मराठीत मोठ्या अक्षरांत लावायला हवं. नगरपरिषद मिळकतकर गोळा करतेच. त्याच पावतीबरोबर एक कागद जाऊ शकतो.

आणि समजा ती गेलीच पोलीस ठाण्यात. तुम्ही तिच्यासोबत बाकावर बसा. ती सांगते, “त्याने दार लावलं. माझा दंड धरला. तोंडावर हात ठेवला. मी चावले.” टेबलामागे लिहिणारा हात थांबत नाही. कागदावर उतरतं: सदर इसमाने माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले. दार गेलं, दंड गेला, चावणं गेलं. तिने जे केलं, ज्यामुळे ती सुटली, ते कागदात उरलंच नाही. दोन वर्षांनी उलटतपासणीत वकील विचारील, दार लावल्याचं तुम्ही फिर्यादीत का सांगितलं नाही? म्हणून तिला आत्ता, इथेच कुणीतरी सांगायला हवं की फिर्याद वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आपलं म्हणणं तसंच उतरलं नसेल तर सही करायची नाही, दुरुस्त करून घ्यायचं. प्रत फुकट मिळते. आणि घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली म्हणून परत पाठवता येत नाही. मावळात हा प्रश्न खरा आहे. आज एकाच तालुक्यातली काही ठाणी पुणे ग्रामीणकडे, काही पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. घाबरलेल्या बाईला हद्दीची रेघ कशी दिसणार?

फेब्रुवारी २०१५. लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये लग्नाला आलेली लहान मुलगी मृत सापडते. शहर बंद होतं, लोक रस्त्यावर बसतात. तुम्ही त्या गर्दीत आहात.

ऑगस्ट २०२२. पवनेच्या खोऱ्यात आवणी आटोपत आलीय, खाचरं हिरवीगार. एका गावातून एक लहान मुलगी नाहीशी होते. दुसऱ्या दिवशी ती सापडते तेव्हा जिवंत नसते. गावाचं नाव मी लिहीत नाही. पेपरांनी लिहिलं, मला ते लिहायचं नाही. बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा घर, शाळा, वस्ती यांचीही ओळख उघड करू नका म्हणतो, आणि तिथे तिची माणसं अजून राहतात. आरोपी जवळपास राहणाराच तरुण निघाला. तुम्ही मोर्चात चालता. हजारो माणसं. शाळेच्या गणवेशातल्या मुली पुढे, हातात फलक, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच मागणी: फाशी.

तो राग खरा आहे. त्याला कुणी गर्दीचं वेड म्हणू नये. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली, आणि पुरावा दडवायला मदत केली म्हणून त्याच्या आईलाही तुरुंगवास. निकालाच्या दिवशी मावळात पेढे वाटले गेले असतील तर मला नवल वाटणार नाही. पण आईला झालेल्या शिक्षेपाशी थांबा. घर गुन्हा दडवतं. आपल्या पोराला वाचवायला दुसऱ्याच्या पोरीचं मरण पुसतं. मोर्चात चालणाऱ्या आपल्या प्रत्येकाच्या घरात हे घडू शकतं, आणि मोर्चा त्यावर काही बोलत नाही. परका, अनोळखी राक्षस असला की गाव एकजूट होतं. तो चुलता असला, आतेभाऊ असला, सरपंचाचा मुलगा असला, शाळेतला सर असला, की तेच गाव म्हणतं: मिटवून घ्या, पोरीचं लग्न व्हायचंय. देशाच्या गुन्हे नोंदींमध्ये दरवर्षी हेच दिसतं की मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. म्हणजे मोर्चा ज्या एका प्रसंगासाठी निघाला, त्याच्या मागे मोर्चा न निघालेले कितीतरी.

‘मिटवून घ्या’ला आपल्याकडे प्रतिष्ठा आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाची, पाण्याची भांडणं गावातच सुटली, कोर्टकचेऱ्यांचा खर्च वाचला, आणि ते चांगलं झालं. पण अत्याचार म्हणजे बांधाचा तंटा नव्हे. बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोडीचा विचारही करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बजावलं. मूल लहान असेल तर ज्याला कळलं त्याने पोलिसांना सांगणं हे कर्तव्यच आहे. न सांगणं हा गुन्हा.

आता आजच्या सकाळी या. लोणावळ्याहून सुटलेली लोकल. मळवली, कामशेत. कामशेतला दोघी मायलेकी चढतात. मुलीची तारीख आहे, शिवाजीनगरला. दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं, कारखान्यांची पहिली पाळी, आणि त्यांच्या मध्ये या दोघी. कान्हे, वडगाव, तळेगाव. आई प्रत्येक स्टेशनावर चेहरे बघते. गावचं कुणी भेटलं तर काय सांगायचं? कायद्याने त्यांना बरंच दिलंय. मुलाची साक्ष होताना आरोपी समोर दिसता कामा नये. खटला शक्यतो वर्षभरात संपवायचा. रुग्णालयाने फुकट उपचार द्यायचे. दोन बोटांची ती अपमानास्पद तपासणी करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनासाठी दोषी धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. २०१३ पासून राज्याची मनोधैर्य योजना आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत अर्थसाहाय्य मिळतं. पण ही तिसरी तारीख आहे आणि आज साक्ष होईलच असं कुणी सांगितलेलं नाही. आईचा आजचा रोज गेला. बाप आलेला नाही. तो भावकीत बोलेनासा झालाय. मोर्चात असलेल्या हजारोंपैकी या डब्यात एकही नाही.

संध्याकाळी तुम्ही मावळातल्याच एका गावात पोहोचता, कुठलंही धरा. शाळेच्या वर्गात महिलांची ग्रामसभा आहे, नेहमीच्या ग्रामसभेआधी घ्यावी लागते ती. बाकं छोटी, बायका मोठ्या, बऱ्याच जणी खालीच बसल्यात. ग्रामसेवक रजिस्टर उघडून बसलाय. पाण्याचा विषय झाला, रेशनचा झाला. मग अंगणवाडीच्या ताई उठतात. म्हणतात, आज मुलींच्या सुरक्षिततेवर बोलू.

एकदम गप्प. मग एक जण म्हणते, सहाच्या एसटीनंतर गाडी नाही, पोरी कॉलेजातून दीड कोस अंधारात चालत येतात. दुसरी म्हणते, दारूचं दुकान तिथून हलवा. तिसरी, डोक्यावरचा पदर नीट करत: “हेरवाडला नाही का, कोल्हापूरकडं, गावानं विधवांचं कुंकू पुसायचं बंद केलं. ठरावच केला. मग सरकारनं सगळ्या गावांना पत्र धाडलं. आपण का न्हाई?” दारात उभे असलेले दोघे-तिघे पुरुष हसतात. ती त्यांच्याकडे बघतही नाही.

तेवढ्यात मागून एक आवाज: “ती खालच्या आळीची, तिचं काय झालं ते तरी...”

“नाव नको,” ताई तिला मध्येच थांबवतात. “कुणाचंच नाव नको. इथं ज्या बसल्यात त्यातल्या कुणाचंही असू शकतं. तिला बोलायचं असलं तर ती बोलेल, माझं घर उघडं आहे, आशाताईंचं उघडं आहे, मुलांसाठी १०९८ आहे, बायकांसाठी १८१. सभेत नाव घेऊन आपण तिला दुसऱ्यांदा उभं करायचं नाही.”

“मग सभा कशाला?” ती विचारते, आणि प्रश्न वाजवी आहे.

वाद होतो. एकीचं म्हणणं, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नये. एकीचं, घरातच तर होतं सगळं. एक तरुण सून पहिल्यांदाच तोंड उघडते आणि म्हणते की तंटामुक्तीच्या समितीत बायका किती आहेत ते आधी सांगा, आणि ग्रामसेवक पान उलटत राहतो. सासू तिचा पदर ओढते. ती बसत नाही.

शेवटी भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी बोलते. तिचं बोलणं लहान आहे. ज्या कुणाला कोर्टात जावं लागतं ती एकटी जाते, ते बरं नाही. तारखेला सोबत कोण जाणार तेवढं ठरवा. पाळी लावा. जिची पाळी तिचं तिकीट पंचायतीनं द्यावं, आणि रोज बुडतो त्याचं काय ते बघावं. कुणाची केस, कशाची केस, विचारायचं नाही. गाडीत शेजारी बसायचं, कोर्टाच्या बाहेर बसायचं, सोबत परत यायचं.

ग्रामसेवक म्हणतो, तिकिटाची तरतूद कुठल्या शीर्षाखाली दाखवायची हे बघावं लागेल. महिला आणि बालकल्याणाचा निधी असतो, ताई म्हणतात, दरवर्षी त्यातून शिलाई मशीनच घेतली पाहिजे असं नाही. तो लिहायला लागतो. सून पुढे वाकून रजिस्टर बघते.

“असं न्हाई लिहायचं,” ती म्हणते. “‘महिलांना सहकार्य करण्यात येईल’ असं न्हाई म्हणाल्या आजी. पाळी लावा म्हणाल्या. खोडा, आणि कोणकोणत्या महिन्याला कोण ते खाली लिहा. माझं पहिलं घ्या.”